तीस पावलं मागे

सरांनी माझी मुलाखत घेतली ती नाकाने. परळच्या आमच्या संस्थेत मी नोकरीसाठी गेले तेव्हा पदवी, डिप्लोमा, शिफारसपत्रं अशी जाडजूड फाईल घेऊन गेले होते. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. टेबलावरून पुढे वाकले, दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "मोगऱ्याचं तेल. उद्यापासून बंद. पायात काय आहे?"

"सँडल."

"चालून दाखव."

मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ते डोळे मिटून ऐकत बसले होते. "टाच वाजते. बांगड्या वाजतात. पर्समध्ये किल्ल्या आहेत, डाव्या बाजूला. तू निघालीस की नाक्यावरच्या माणसाला कळेल तू येतेयस. हे सगळं घरी ठेवून ये, मग बघू."

मी गिरगावात वाढलेली, चार जणांत उठून दिसावं म्हणून नटणारी मुलगी. घरी येऊन आईला सांगितलं, माणूस विक्षिप्त आहे. आई म्हणाली, "जवळ आहे ना? मग कर." अशा रीतीने मी या क्षेत्रात आले. पुढे भाषणांत मी वेगळं कारण सांगत असे, पण खरं कारण हेच.

आमचं काम म्हणजे ज्यांची दृष्टी गेली आहे अशा माणसांना पुन्हा घराबाहेर पडायला शिकवणं. पांढरी काठी कशी धरायची, उजवा पाय पुढे तर काठी डावीकडे कशी न्यायची, रस्ता ओलांडताना कुठल्या गाड्या ऐकायच्या आणि कुठल्या ऐकूनही सोडून द्यायच्या. मी काय करते हे ऐकलं की लोक हमखास म्हणतात, "पुण्याचं काम आहे हो." हे वाक्य सरांच्या समोर उच्चारण्याची सोय नव्हती. "पुण्य कसलं? नळ दुरुस्त करायला येतो त्याला म्हणता का पुण्याचं काम? नळ वाहायला लागला की निघतो तो. मीपण तेच करतो." एकदा एका पत्रकाराने विचारलं, सर, तुमच्या घरात कुणी अंध होतं का? सर म्हणाले, "का? दाताच्या डॉक्टरच्या घरात सगळे बोळके असतात का?" ती मुलाखत छापून आली नाही.

दिसायला ते उंच, किडकिडीत, खांदे पुढे झुकलेले. कपडे कायम राखाडी. साबण कपड्यांचा, कारण अंगाच्या साबणाला वास असतो. बिडी सोडलेली, पान सोडलेलं, कांदा आठवडाभर बंद, आणि मालवणचा माणूस असून मासे फक्त रविवारी. चपला रबरी, आणि त्यांच्या तळाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे फटफट वाजायला नको. चिंचपोकळीच्या चाळीत ते थोरल्या बहिणीबरोबर राहत. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा ती म्हातारी माझ्यापाशी रडकुंडीला आली. "ह्यो माझो भाव नाय गो, घरात शिरल्यालो चोर आसा. मागे खंय येऊन उभो रवता ता कळणा नाय. एक दिवस माझो जीव जातलो." सर कोपऱ्यात खाली मान घालून हसत होते. त्यांना ती तारीफ वाटत होती.

या सगळ्या सोंगाचं कारण एकच, त्यांची शिकवायची पद्धत. माणूस आला की पहिले काही दिवस ते त्याच्या शेजारून चालत. मग मागून चालत, बोलत. मग मागून चालत, न बोलता. आणि मग एक दिवस जाहीर करत, "उद्यापासून मी येणार नाही. एकट्याने जायचं." दुसऱ्या दिवशी तो माणूस घाबरत घाबरत एकटा निघे, आणि सर त्याच्या मागे तीस पावलांवर असत. तीसच. त्याहून कमी असलं तर श्वाससुद्धा ऐकू जातो म्हणत, आणि जास्त असलं तर वेळेला पोचता येत नाही. समोर मरण दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. माणूस चुकीच्या गल्लीत शिरला तर शिरू द्यायचं. खांबावर आपटला तर आपटू द्यायचं. रस्ता विचारण्यासाठी हवेत हात हलवत उभा राहिला आणि मुंबईची माणसं बाजूने निघून गेली, तरी आपण पुढे व्हायचं नाही.

सरांना खरी धास्ती असे ती डोळसांची. लालबागच्या रस्त्यावर त्यांना सगळे ओळखत. कुणीतरी "काय सर!" म्हणून हाक मारली की दोन आठवड्यांची मेहनत वाया. म्हणून त्यांनी एकेका दुकानात जाऊन सांगून ठेवलं होतं की मला ओळखायचं नाही. मसाल्याच्या गल्लीतले दुकानदार, रसवाला, चपला शिवणारा, पुलाखालचा ट्रॅफिक हवालदार, झाडून सगळ्यांना. त्यामुळे सर रस्त्याने निघाले की तो सबंध रस्ता त्यांना ओळखत नसल्याचं नाटक करायचा. हवालदार तर मुद्दाम आभाळाकडे बघायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका दुकानाच्या आडोशाला जाऊन हसले होते.

त्याच रस्त्याबद्दल आमच्या सेक्रेटरींना मोठी कळकळ होती. फेरीवाल्यांनी फूटपाथ अडवलेत, ते मोकळे झाल्याशिवाय आमच्या बांधवांनी चालायचं कसं, असा अर्ज ते दरवर्षी करत. सर त्यावर सही करत नसत. "फूटपाथ रिकामा होईपर्यंत थांबायचं म्हणजे मरेपर्यंत थांबायचं. टोपली कुठे आहे ते काठीला कळतं. आणि टोपलीवाली बोलते. भिंत बोलते का?" सेक्रेटरींना हा उद्धटपणा वाटे, आणि तो उद्धटपणा होताच. सर गोड माणूस नव्हते. त्यांनी शिकायला आलेल्या माणसांना रडवलेलं मी पाहिलंय. आईचा हात न सोडणाऱ्या एका चाळिशीच्या गृहस्थाला त्यांनी सरळ विचारलं होतं, "आई गेल्यावर कुणाचा धरणार?" आई तिथेच उभी होती.

दोन गोष्टींना आमच्याकडे बंदी होती. एक, शिकवताना "इथे" आणि "तिथे" म्हणायचं नाही, कारण ते हाताने दाखवायचे शब्द आहेत. दुसरी, "बिचारा" म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याला सर डोळ्यांवर काळी पट्टी बांधून दहा मिनिटं चालायला लावत. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ही शिक्षा भोगली होती. मग एका समारंभात एक देणगीदार बाई म्हणाल्या, "बिचारे किती हसतमुख असतात नाही!" सर गर्दीतून शांतपणे पुढे आले आणि त्यांच्या हातात पट्टी ठेवली. "दहा मिनिटं, बाई. फक्त जिन्यापर्यंत." बाईंना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. हसत पट्टी बांधली, फोटो काढून घेतला, चार पावलं टाकली आणि पाचव्याला जागच्या जागी थिजल्या. मग किंचाळून ड्रायव्हरला हाका मारायला लागल्या. पट्टी स्वतःच्या हाताने काढता येते हेही त्यांना सुचलं नाही. त्यांची गाडी परत कधी आमच्या दारात आली नाही. सेक्रेटरी त्या दिवशी सरांना एक शब्दही बोलले नाहीत. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला तो माणूस नुसता बघत होता, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

मलाही सरांनी पट्टी बांधून शिकवलं. तीन आठवडे. शेवटच्या दिवशी दादरच्या फुलबाजारात मला उभं केलं, स्वतःभोवती तीनदा फिरवलं आणि सांगितलं, "ऑफिसला ये. मी चाललो." सकाळची वेळ, ओल्या पानांचा चिखल, हमालांच्या आरोळ्या, कुणीतरी डोक्यावर पाटी आपटलेली. मी तासभर तिथल्या तिथे फिरले. शेवटी एका पायरीवर बसून रडले. मग उठले, गाड्यांचा आवाज कानात धरला, विचारत विचारत परळला आले. दारात पट्टी काढली तर मागे सर उभे. "रडताना तुझं नाक वाजतं. रस्ता ऐकू कसा येईल?" एवढंच म्हणाले. ते सगळा वेळ मागे होते हे कळलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की राग आलाच नाही. पुढे जे झालं त्यात माझी पहिली चूक हीच होती. मला जे हायसं वाटलं ते सगळ्यांना वाटेल असं मी धरून चालले. मी तर कधीही पट्टी काढू शकत होते.

वृषालीताई आमच्याकडे आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. लालबागच्या एका चाळीत नवरा आणि सासू असं घर. दृष्टी चार-पाच वर्षांत कडेकडेने आत सरकत गेली आणि शेवटी उजेड तेवढा कळायचा राहिला. परळला एका पतपेढीत त्या नोकरी करत. बोलणारा कॉम्प्युटर शिकल्या होत्या, काम अडत नव्हतं. अडत होतं ते पोचणं. नवऱ्याची शिफ्ट बदलली आणि सोडायला कुणी उरलं नाही. पतपेढीच्या मॅनेजरने सांगितलं होतं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत तुमच्या तुम्ही येऊ लागलात तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल. आणि सासूने गॅलरीत एक खुर्ची आणून ठेवली होती. "तिला बसायला बरी," म्हणून. पहिल्या दिवशी वृषालीताईंनी सरांना आपलं नाव सांगण्याआधी त्या खुर्चीचं सांगितलं. "सर, मला त्या खुर्चीत बसायचं नाहीये. बाकी काय वाट्टेल ते करायला लावा."

सरांना असं माणूस आवडे. आवडलं म्हणजे त्याला जास्त राबवत. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता त्यांनी तीन आठवडे तासला. मसाल्याची गल्ली, मग पुलाखालचा मोठा रस्ता, मग टॉवरच्या गाड्या बाहेर पडतात तो गुळगुळीत उतार, मग पतपेढी. पुलाखाली आवाज घुमतात आणि गाडी डावीकडून येतेय की उजवीकडून ते समजत नाही. तिथे वृषालीताई रोज गोठायच्या. सर त्यांना तासन् तास उभं करायचे. "चालू नका. नुसतं ऐका. आपल्या बाजूच्या गाड्या सुटल्या की त्यांच्याबरोबर सुटायचं." एक दिवस त्या सुटल्या. पलीकडे पोचून काठी छातीशी धरून उभ्या राहिल्या, आणि घामाने चेहरा निथळत होता. मग सरांनी ते जाहीर केलं. उद्यापासून एकटं.

पहिल्या दिवशी मीही बरोबर होते, बघायला. वृषालीताई पुढे, सर मागे, त्यांच्या मागे मी. हवालदाराने आभाळाकडे पाहिलं. वृषालीताई पुलाखालून गेल्या, उतार ओलांडला, पतपेढीच्या दारात पोचल्या आणि त्यांनी फोन काढला. सरांच्या खिशात फोन थरथरायला लागला. साठीला आलेला तो माणूस पळत कोपऱ्यावर गेला, बंद दुकानाच्या शटरला पाठ लावली, धाप आवरली आणि निवांत आवाजात म्हणाला, "हॅलो? पोचलात? अरे वा. नाही, नाही, मी ऑफिसात. चहा पितोय." पलीकडे दारात वृषालीताई एकट्याच हसत होत्या आणि आत जायचं विसरल्या होत्या.

असं चार दिवस झालं. चौथ्या दिवशी मी सरांना विचारलं, "आता कधी थांबणार?"

"माणूस चुकतो आणि आपल्या चुकीला हसतो, त्या दिवशी मी थांबतो. ह्या अजून चुकल्या की ओठ चावतात."

"पण सर, हे खोटं आहे ना? त्यांना वाटतं त्या एकट्या जातायत."

"बाप सायकल शिकवताना काय करतो? सांगतो पकडलंय, आणि सोडतो. मी सांगतो सोडलंय, आणि पकडतो. दोघंही खोटंच बोलतात. कुठलं बरं ते तू ठरव."

मी तेव्हा काही ठरवलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. आवाज तापाने बसला होता. "आज तू जा. ती निघणारच, मी तिला रोज जा म्हणून सांगितलंय. तीस पावलं. तोंड बंद." मी म्हटलं, आज राहू दे म्हणून त्यांना कळवूया का? "काय म्हणून कळवणार? मला ताप आलाय, तेव्हा तुम्ही एकट्या जाऊ नका?"

मी गेले. तेल नाही, बांगड्या नाहीत, कापडी बूट. वृषालीताई छान चालत होत्या. मसाल्याच्या गल्लीत एका हातगाडीला काठी लागली तर "दादा, जरा" म्हणून त्यांनी गाडी सरकवून घेतली. पूल ओलांडला. उताराच्या अलीकडे फूटपाथवर कुणीतरी गटाराचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. कठडा नाही, माणूस नाही, नुसतं काळं चौकोनी भोक. वृषालीताई सरळ त्याच्यावर चालल्या होत्या. मी अंतर मोजलं. काठी पुढे जाईल, आत बुडेल, त्या थांबतील. हजार वेळा शिकवलेली गोष्ट. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी ओरडले.

"वृषालीताई, थांबा!"

त्या थांबल्या. काठीचं टोक भोकापासून हातभर लांब होतं. त्या हळूहळू मागे वळल्या.

"मॅडम? तुम्ही?"

मी म्हणू शकले असते की इकडून जात होते. सरांनी नक्की म्हटलं असतं. मला खोटं बोलायलाही वेळेवर सुचत नाही.

"काल पण होतात?"

"काल सर होते."

"परवा?"

त्यांनी काठीची घडी घातली. एकेक तुकडा दुसऱ्यात न अडखळता, सरांनी शिकवली तशी.

"म्हणजे मी फोन करायचे तेव्हा ते समोर उभे असायचे. आणि मी सांगायचे, सर, आज उतारावर अजिबात घाबरले नाही. घरी गेले की सासूबाईंना सांगायचे, एकटी गेले आणि एकटी आले." त्यांचा आवाज चढला नाही. "अख्ख्या रस्त्याला माहीत होतं का हो? मला सोडून?"

आजूबाजूला चार माणसं थांबली होती. रसवाल्याने तोंड फिरवलं, नेहमीच्या सवयीने.

"पतपेढी पाच मिनिटांवर आहे," मी म्हटलं. "चला ना. आता खरंच एकट्या जा. मी इथेच थांबते."

"तुमचं कोपर द्या," त्या म्हणाल्या. "घरी सोडा."

मी त्यांना घरी सोडलं. सासूने दार उघडलं आणि सुनेचा हात माझ्या हातातून आपल्या हातात घेतला. त्या पुन्हा पतपेढीत गेल्या नाहीत. महिना संपला.

सर दोन दिवसांनी कामावर आले. मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं आता मालवणीत शिव्या पडणार. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काठी भोकापासून किती लांब होती?"

"हातभर."

"म्हणजे सापडलं असतं तिला."

बस. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत माझं रडणं आटलं आणि त्या जागी संताप आला. चूक माझ्या ओरडण्यात होती, मान्य. पण खोटं कुणी रचलं होतं? एका बाईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम यांनी नाटक म्हणून बसवला, रस्त्याला भूमिका वाटल्या, आणि माझ्या एका शब्दाने पडदा पडला तर गुन्हेगार मी? असं माझं डोकं चाललं होतं. आजही मला ते सगळंच चूक वाटत नाही. पण त्या संतापात माझ्या घाबरण्याची लाज लपत होती, हे मला तेव्हाच आतून ठाऊक होतं.

वृषालीताईंच्या नवऱ्याने ऑफिसात येऊन आरडाओरडा केला आणि सेक्रेटरींना हवं ते मिळालं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "तुम्ही कुणाच्या विरुद्ध लिहू नका. फक्त जे घडलं ते लिहा." मी पानभर लिहिलं. सर प्रशिक्षणार्थींना एकटे आहात असं सांगतात आणि प्रत्यक्षात त्यांच्या मागे चालतात, हे लिहिलं. मी घाबरून ओरडले, काठीला भोक सापडणारच होतं, हे लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं. टाईप होऊन कागद आला तेव्हा त्यात "प्रशिक्षणार्थींच्या मागे" असं नव्हतं. "महिला प्रशिक्षणार्थींच्या मागे, त्यांच्या नकळत" असं होतं.

मी म्हटलं, "सर पुरुषांच्याही मागे जातात. पुरुषच जास्त आहेत."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "महिलांच्या मागे जात नव्हते का?"

"जात होते."

"त्यांच्या नकळत?"

"हो, पण…"

"मग यात खोटं काय आहे ते सांगा. आपण बदलू."

मी सही केली. पेन त्यांनीच पुढे केलं होतं. ते वाक्य वाचून कुणाच्या मनात काय येईल हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. एकोणतीस वर्षांची होते.

सरांनी त्यांना दिलेलं बडतर्फीचं पत्र उभ्यानेच वाचलं, त्याला जोडलेल्या कागदाखालची माझी सही पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवलं. भांडले नाहीत. संस्थेतल्या पंचवीस जणांपैकी कुणी त्यांच्या बाजूने उभं राहिलं नाही. ज्यांना त्यांनी रस्त्यावर आणलं होतं ती शेकडो माणसं आपापल्या कामावर पोचली होती, त्यांना कळणार तरी कसं? निघताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "वृषालीबाई दमल्या की मनगट वर उचलतात. काठी मग जमिनीला लागत नाही. लक्ष ठेव." दुसऱ्या महिन्यात त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. दारावरच्या पाटीवर माझं नाव आलं. आईने पेढे वाटले.

मी त्यांना बरेच फोन केले. एकदा त्यांनी उचलला.

"सर, सॉरी."

"कशाबद्दल? खोटं लिहिलंस?"

"नाही."

"मग सॉरी कशाला म्हणतेस?" आणि फोन ठेवला. बहिणीला घेऊन ते गावी गेल्याचं मला नंतर समजलं. तिकडे काय करतात ते कुणालाच माहीत नाही.

आता आमच्याकडे सगळं रीतसर चालतं. मी प्रशिक्षणार्थींना आधीच सांगते की मी मागे असेन, ते फॉर्मवर सही करतात, आणि मी मागे असते. ते दर वीस पावलांवर थांबून विचारतात, "मॅडम, बरोबर ना?" मी म्हणते बरोबर. सर्टिफिकेट मिळतं. त्यांतले किती जण पुढे खरंच एकटे बाहेर पडतात, हा आकडा आम्ही ठेवत नाही. मला तो अंदाजाने माहीत आहे आणि म्हणूनच ठेवत नाही.

वृषालीताईंकडे जायला मला वर्ष लागलं. दुपारची वेळ होती. त्या गॅलरीत खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी परात बाजूला ठेवली आणि बसा म्हणाल्या. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. माफी, चूक, नव्याने सुरुवात करूया वगैरे.

"मला खूप राग आला होता," त्या म्हणाल्या. "सरांचा. आठ दिवस जेवले नाही धड. नववा दिवस उजाडला तेव्हा वाटलं, पण पूल तर मीच ओलांडला ना? त्यांनी काय उचलून नेलं? मग ऑफिसात फोन केला. अजून महिना संपायला पाच दिवस होते. म्हटलं, सरांना पाठवा. आधी त्यांना चार शब्द सुनावणार आहे, आणि मग कामावर जाणार आहे."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"तर तिकडून म्हणाले, सर आता नाहीत, काढलं त्यांना. बायकांच्या मागे लागायचे म्हणून. मी म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणाले, मॅडमनी स्वतः लिहून दिलंय. मग म्हणाले, मॅडमना पाठवतो. मी म्हटलं, नको."

खाली चाळीच्या अंगणात पोरं ओरडत होती. मी म्हटलं, "वृषालीताई, मी शिकवते ना तुम्हाला. उद्यापासून. सगळं आधी सांगून. मी रोज येईन."

त्यांनी परात पुन्हा मांडीवर ओढली. एक शेंग उचलली, अंगठ्याने फोडली.

"नको मॅडम. तुम्ही माझ्यासाठी घाबरता," त्या म्हणाल्या. "घाबरायला घरात माणसं आहेत माझी."